पोर्टेबल कार नेव्हिगेटर कसा पारखावा? जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवरची कसोटी

पोर्टेबल कार नेव्हिगेटर म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर किंवा डॅशबोर्डवर बसवता येणारे, उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीची जागा ओळखून रस्ता दाखवणारे स्वतंत्र यंत्र. ते एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत लावता येते, म्हणून पोर्टेबल. दुकानात अशा यंत्राची पारख बहुतेक वेळा पडद्याच्या आकारावरून आणि किमतीवरून होते. खरी पारख मात्र रस्त्यावर, आणि तीही ओळखीच्या रस्त्यावर होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील रस्ते, घाट, गावांची नावे आणि उन्हाळा यांचा आधार घेऊन ही पारख कशी करावी, याची माहिती या लेखात आहे.

थोडक्यात

- उपग्रह फक्त जागा सांगतात. रस्ता सांगतो तो यंत्रातला नकाशा. पैसे मुख्यतः नकाशाचे असतात.
- यंत्राची परीक्षा अनोळखी रस्त्यावर घेता येत नाही, कारण तिथे त्याची चूक ओळखता येत नाही.
- खानदेशात बदलते महामार्ग, घाटांतील निर्बंध, सारख्या नावांची गावे, पाण्याखाली जाणारे फरशी पूल आणि ४५ अंशांचे ऊन या पाच गोष्टींवर यंत्राचा कस लागतो.
- नेव्हिगेटर आणि वाहनाचा ठावठिकाणा कळवणारा ट्रॅकर या वेगळ्या वस्तू आहेत.

यंत्र नेमके काय करते?

अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात आणि सतत वेळेचे संकेत पाठवतात. संकेत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढते. जागा अचूक ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात: तीन दिशांतील स्थानासाठी तीन, आणि यंत्राच्या स्वस्त घड्याळातील चूक दुरुस्त करण्यासाठी चौथा. उघड्या आकाशाखाली साधे यंत्रही साधारण पाच मीटरपर्यंतची जागा दाखवू शकते. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाल्यावरच गाडीतले नेव्हिगेटर सर्वसामान्यांच्या उपयोगाचे झाले.

भारताची स्वतःची यंत्रणा ‘नाविक’ आहे. तिच्या मूळ मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला. एकापेक्षा अधिक यंत्रणांचे संकेत घेणाऱ्या यंत्राला डोंगरातही पुरेसे उपग्रह सापडण्याची शक्यता वाढते.

येथपर्यंतचे काम आता जवळजवळ सर्वच यंत्रे नीट करतात. फरक पडतो तो पुढे. मिळालेला बिंदू कोणत्या रस्त्यावर आहे, तो रस्ता कुठे जातो, तिथून वळता येते का, ही माहिती उपग्रहाकडे नसते. ती नकाशात असते आणि नकाशा कोणीतरी, कधीतरी केलेल्या पाहणीवर उभा असतो. पाहणीनंतर रस्ता बदलला आणि नकाशा बदलला नाही, तर यंत्र गाडीची जागा अचूक आणि रस्ता चुकीचा दाखवते.

मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला?

गार्मिन आणि टॉमटॉम या कंपन्यांचे नेव्हिगेटर २००० नंतरच्या दशकात जगभर खपले. भारतात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मॅपमायइंडियाने देशी नकाशांवर चालणारी यंत्रे आणली. २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत मोबाइलवर मोफत मार्गदर्शन सुरू केले आणि स्वतंत्र यंत्रांची बाजारपेठ आटत गेली. आज भारतात त्यांची निवड मर्यादित आहे. तरीही काही कामांसाठी ती उपयोगी पडतात.

नेव्हिगेटरला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. रावेर तालुक्यातल्या पालकडे किंवा शहाद्याहून तोरणमाळकडे सातपुड्यात चढताना नेटवर्क विरळ होते, तिथे हा फायदा जाणवतो. फोन आला तरी नकाशा पडद्यावरून जात नाही. आवाज मोठा असतो आणि फोनची बॅटरी वाचते.

तोटेही स्पष्ट आहेत. रहदारीची ताजी स्थिती बहुतेक यंत्रांना फोन जोडल्याशिवाय कळत नाही. नकाशाचे अद्यतन स्वतः करावे लागते. शिवाय मोबाइलवरही जिल्ह्याचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, त्यामुळे ‘नेटवर्क नसताना चालते’ एवढ्या एका कारणासाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज उरत नाही. महिन्यातून दोनदा जळगावहून नाशिकला जाणाऱ्याला मोबाइल पुरतो. रोज नव्या गावांत माल पोहोचवणाऱ्याने किंवा भाड्याची गाडी चालवणाऱ्याने वेगळ्या यंत्राचा विचार करावा.

पहिली कसोटी: जळगाव ते धुळे महामार्ग

पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे या मार्गाने जळगाव-धुळे अंतर सुमारे ९० किमी आहे. हा जुना राष्ट्रीय महामार्ग ६. २०१० च्या नव्या क्रमांकनात तो ५३ झाला. धुळ्यात त्याला छेदणारा मुंबई-आग्रा महामार्ग पूर्वी ३ होता. आता धुळ्याच्या उत्तरेला तो ५२ आणि नाशिककडे ६० आहे. सोलापूर-धुळे रस्ता २११ होता, तोही आता ५२ मध्ये आला. पडद्यावर अजून ६, ३ आणि २११ हेच क्रमांक दिसत असतील, तर नकाशाची मूळ माहिती किती जुनी आहे, याचा अंदाज दुकानातच येतो.

दुसरी खूण चौपदरीकरणाची. या महामार्गाचे काम चिखली ते तरसोद आणि तरसोद ते फागणे अशा टप्प्यांत झाले. त्यात जळगाव शहर टाळणारा पाळधी-तरसोद वळणरस्ताही आहे. जुन्या नकाशावर हा रस्ताच नसेल, तर गाडी त्यावरून जाताना पडद्यावर शेतातून धावताना दिसते आणि यंत्र वारंवार ‘मागे वळा’ सांगत राहते. दुभाजक आल्यामुळे पूर्वी मिळणारे उजवे वळण बंद झाले असेल आणि यंत्र तेच सुचवत असेल, तर ही चूक नुसती गैरसोयीची राहत नाही. ती ऐकून चालक भर महामार्गावर वेग कमी करतो किंवा उलट दिशेने गाडी घालतो.

याच प्रवासात तीन गोष्टी नोंदवाव्यात:

- वळणाची पहिली सूचना किती आधी मिळते? महामार्गावर ती किमान काही शे मीटर आधी आणि वळणाजवळ पुन्हा मिळायला हवी.
- मुद्दाम रस्ता सोडून धरणगाव-अमळनेरकडे वळल्यास यंत्र त्या मार्गाने धुळ्याचा नवा रस्ता आखते, की महामार्गावर परत जाण्याचाच हट्ट धरते?
- संध्याकाळी धुळ्याकडे जाताना सूर्य समोर असतो. तेव्हा पडदा वाचता येतो का?

दुसरी कसोटी: अजिंठा लेणी

जळगावात येणारे बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात तो हा रस्ता. इथे यंत्राची दोन प्रकारे परीक्षा होते. एक, ‘अजिंठा’ शोधल्यावर ते कुठे नेते? अजिंठा हे गाव घाट चढून गेल्यावर लागते. लेणी मात्र घाटाच्या अलीकडे, जळगावच्या बाजूने, फर्दापूरजवळ आहेत. दोन्हींत रस्त्याने दहा-बारा किमीचा फरक पडतो. जळगावहून निघालेला प्रवासी लेणी मागे टाकून घाट चढला, तर चूक बहुधा नाव निवडण्यात झालेली असते. चांगले यंत्र यादीत दोन्ही नावे जिल्हा-तालुक्यासह वेगवेगळी दाखवते.

दोन, लेण्यांपर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. फर्दापूरच्या टी-जंक्शनवर गाडी उभी करून पुढचे सुमारे चार किमी तिथल्या बसने जावे लागते. यंत्र थेट लेण्यांच्या दारापर्यंत गाडीचा रस्ता आखत असेल, तर त्याच्या नकाशात रस्त्याची रेघ आहे, रस्त्याचा नियम नाही. एकेरी रस्ते, बाजाराच्या दिवशी बंद होणारे चौक, अवजड वाहनांना मनाई असलेले पूल या सगळ्यांबाबत त्याच्याकडून अशाच चुका होणार, हे धरून चालावे.

तिसरी कसोटी: कन्नड घाट

चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधला औट्रम घाट हा खानदेशातून मराठवाड्यात जाण्याचा मुख्य रस्ता. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने तिथे दरडी कोसळल्या आणि घाट बंद पडला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथून जड वाहनांना बंदी घालण्यात आली.

कारसाठी असलेल्या नेव्हिगेटरला ‘जड वाहन’ ही कल्पनाच नसते. तो ट्रकलाही जवळचा रस्ता म्हणून घाटाकडे पाठवतो. रावेर-यावलची केळी घेऊन दक्षिणेकडे निघालेल्या ट्रकसाठी याचा अर्थ घाटाच्या पायथ्याशी अडकून पडणे, उलट फिरणे आणि नाशवंत माल उशिरा पोहोचणे. ट्रक चालवणाऱ्याने वाहनाची उंची, लांबी आणि वजन भरता येणारे यंत्रच पाहावे. त्यावरही घाटाची ताजी स्थिती निघण्यापूर्वी विचारून घ्यावी.

घाटात उपग्रहांच्या पकडीचीही परीक्षा होते. उंच कड्यांमुळे आकाशाचा काही भाग झाकला जातो आणि संकेत खडकावर आपटून वळून येतात. नागमोडी वळणावर गाडीचे चिन्ह काही क्षण शेजारच्या वळणावर उडी मारत असेल तर ते समजण्यासारखे आहे. घाट संपल्यावरही ते सावरत नसेल, तर यंत्र नाकारावे.

चौथी कसोटी: गावाचे नाव

जळगाव नावाची अनेक गावे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद तर तालुक्याचे ठिकाण आहे. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे आणि शिरपूर जैन वाशीम जिल्ह्यात. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. धुळ्याचे रोमन लिपीतले जुने स्पेलिंग ‘धुलिया’ असे वाचले जाई. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जुने आणि नवे, दोन्ही नावे टाकून एकच ठिकाण मिळते का, ते पाहावे.

खानदेशातली आणखी एक अडचण परगण्यांच्या काळापासून आलेली आहे. सारख्या नावांची गावे वेगळी ओळखण्यासाठी इथे ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ यांच्या जोडीला ‘प्र.’ म्हणजे प्रगणे लावतात. चाळीसगाव तालुक्यात टाकळी प्र.चा. आणि टाकळी प्र.दे. अशी दोन गावे आहेत. यादीत नुसते ‘टाकळी’ दिसले, तर कोणती टाकळी हे कळणार कसे? अशी चार-पाच नावे कागदावर लिहून दुकानातच शोधून पाहावीत. या चाचणीला पेट्रोल लागत नाही आणि निकाल पाच मिनिटांत मिळतो.

देवनागरीत नाव टाकता येते का आणि सूचना मराठीत ऐकू येतात का, हेही पाहावे. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे दिसण्याची सोय वाढवली. त्यामुळे मोबाइलने या बाबतीत एक पातळी घालून दिली आहे. वेगळ्या यंत्राला पैसे मोजताना निदान त्या पातळीची अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

पाचवी कसोटी: शहरातला पत्ता

१८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज या ब्रिटिश अधिकाऱ्याने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि नवी पेठ आखून वसवली. जुन्या धुळ्यात पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगतात: गल्ली नं. ४, गल्ली नं. ५. बाजारपेठेचा आग्रा रोड शहराच्या आत आहे, तर आजचा मुंबई-आग्रा महामार्ग शहराबाहेरून जातो. यंत्राला या दोहोंतला फरक कळतो का, हे पाहणे सोपे आहे.

जळगावच्या पिंप्राळा, मेहरूण अशा वाढत्या भागांत पत्ता ‘प्लॉट नं., गट नं., शिवार’ असा असतो. गट नंबर ही महसुली नोंद आहे. ती रस्त्याच्या नकाशात बहुधा नसते. अशा ठिकाणी यंत्र पत्ता शोधेल ही अपेक्षाच चुकीची. अक्षांश-रेखांश टाकता येतात का, हे विचारावे. दशांशानंतर चार अंक टाकले तर सुमारे ११ मीटरपर्यंतची जागा ठरते. मात्र २१.३० अंश आणि २१ अंश ३० मिनिटे या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि त्यांत जवळजवळ २२ किमीचा फरक आहे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ ही दहा अक्षर-अंकांची पद्धत आणली. त्यात देशातल्या सुमारे चार बाय चार मीटरच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा संकेत मिळतो. नव्या यंत्रात तिची सोय असेल तर ती जमेची बाजू.

सहावी कसोटी: पावसाळा आणि फरशी पूल

इथे प्रश्न जिवाचा आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक गाडी मोबाइलवरच्या नकाशाप्रमाणे जात होती. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर ती गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. पूल नकाशावर होता, प्रत्यक्षात पाण्याखाली होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. तिथे पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता.

पांझरा, गिरणा, बोरी या नद्यांवर आणि अनेक नाल्यांवर कमी उंचीचे फरशी पूल आहेत. पूर आला की ते काही तास किंवा काही दिवस बंद असतात. कोणताही नेव्हिगेटर त्या वेळी पाण्याची पातळी पाहत नाही. त्यामुळे यंत्राची परीक्षा अशी घ्यावी: ओळखीचा एखादा फरशी पूल निवडून त्यावरून जाणारा रस्ता आखावा आणि ‘हा रस्ता टाळा’ अशी सूचना देऊन पाहावी. यंत्र दोन-तीन स्पर्शांत मोठ्या पुलावरून दुसरा रस्ता देत असेल, तर ते पावसाळ्यात कामाचे. हा पर्याय सापडतच नसेल किंवा चार पाने उलटावी लागत असतील, तर पावसात, अंधारात, मागे वाहने उभी असताना तो कोणी वापरणार नाही.

सातवी कसोटी: उन्हाळा

जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. काचा बंद करून उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते याहून कितीतरी अधिक असते. गार्मिनच्या अनेक नेव्हिगेटरांसाठी वापराची मर्यादा ५५ अंश आणि बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा ४५ अंश दिलेली आहे. ॲपल आपल्या आयफोनसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगते. म्हणजे काचेवर लावलेला फोन खानदेशातल्या मे महिन्यात दुपारी मर्यादेबाहेरच काम करत असतो. स्वतंत्र यंत्राची बाजू इथे थोडी वरचढ ठरते, पण तीही काठावरच.

माहितीपत्रकातले हे दोन आकडे विकत घेण्यापूर्वी वाचावेत. गाडी उभी करताना यंत्र काढून सोबत न्यावे. काचेला चिकटणारी रबरी वाटी उन्हात सैल होते. शक्य तर डॅशबोर्डवर स्क्रूने किंवा जड बैठकीवर बसणारी जोडणी घ्यावी.

गुण कसे द्यावेत?

- नकाशाची ताजेपणा आणि रस्त्यांचे नियम: ४०
- गाव आणि पत्ता शोधणे: २०
- सूचनांची वेळ, आवाज, भाषा: १५
- रस्ता बदलण्याची आणि टाळण्याची सोय: १५
- उष्णता, पडदा, बसवण्याची सोय: १०

एकूण १०० पैकी ७० गुण चांगले समजावेत. मात्र नकाशात ४० पैकी २५ पेक्षा कमी पडले, तर बाकीचे गुण मोजूच नयेत.

विकत घेताना विचारायचे प्रश्न

- भारताचा नकाशा यंत्रात आहे का? परदेशातल्या नातेवाइकांनी दिलेल्या जुन्या यंत्रात बहुधा तिकडचाच नकाशा असतो. भारताचा वेगळा घ्यावा लागतो आणि कधी तो मिळतही नाही.
- नकाशा शेवटचा कधी बदलला आणि पुढचा बदल घरच्या वायफायवर होतो की संगणक लागतो?
- ‘आजीवन मोफत अद्यतन’ म्हणजे कोणाचे आयुष्य? अनेकदा त्याचा अर्थ कंपनी त्या मॉडेलला नकाशा पुरवते तोपर्यंत, एवढाच असतो.
- हा नेव्हिगेटर आहे की ट्रॅकर? प्रवासी वाहनांना सक्तीचे असलेले एआयएस-१४० मान्यतेचे यंत्र मालकाला आणि नियंत्रण कक्षाला गाडीची जागा कळवते, चालकाला रस्ता दाखवत नाही. दोघांनाही बाजारात ‘जीपीएस’च म्हणतात.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, गाडी चालवताना हातातले संपर्क उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येते. ठिकाण टाकायचे ते गाडी उभी असताना. यंत्र चालकाच्या नजरेसमोरचा रस्ता झाकणार नाही अशा जागी लावावे.

यंत्र घेतल्यावर पहिले आठ-दहा दिवस ते रोजच्या ओळखीच्या रस्त्यांवरच चालवावे आणि ते कुठे चुकते ते वहीत टिपून ठेवावे. चुकांची ही यादी हाती आल्यावरच ते अनोळखी रस्त्यावर न्यावे. कोणत्या प्रकारच्या सूचनेवर विसंबायचे आणि कोणत्या ठिकाणी काच खाली करून चहाच्या टपरीवर रस्ता विचारायचा, हे त्या यादीवरून ठरवता येते.